ट्राम हवी तर बर्फ घ्या: ‘सिटीज: स्कायलाइन्स’ आणि तिच्या डीएलसींचा हिशोब

‘सिटीज: स्कायलाइन्स’ ही शहर वसवण्याची गेम मी आजवर खेळलेल्या सगळ्या गेममध्ये मला सर्वांत जवळची आहे. तिचे डीएलसी, म्हणजे मूळ गेमला जोडायचे आणि वेगळे पैसे देऊन घ्यायचे भाग, ज्या पद्धतीने तुकडे करून विकले जातात, त्याचा मला तितकाच राग येतो. पैसे मागतात म्हणून नाही. वर्षानुवर्षं कुणी एखाद्या गेमवर काम करत राहणार असेल, तर त्याला पैसे मिळायलाच हवेत. राग येतो तो कुठली वस्तू कुठल्या डब्यात घातली आहे हे पाहून.

मी ठाण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्टिंग करते. दिवसभर ऑटोकॅडवर दुसऱ्यांच्या इमारती काढायच्या, आणि रात्री जेवणं आटोपली की आपलं स्वतःचं शहर. गेली काही वर्षं एकच शहर डोक्यात आहे: १९६३ ची मुंबई. तेच साल का, तर बेस्टची ट्रॉलीबस, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेऊन रुळांशिवाय धावणारी बस, १९६२ मध्ये सुरू झाली आणि ट्राम ३१ मार्च १९६४ ला कायमची बंद झाली. म्हणजे दोन्ही एकाच वेळी रस्त्यावर होत्या असा काळ फार थोडा. लालबाग-परळच्या गिरण्या, चाळी, दादर टीटीहून बोरीबंदरकडे जाणारी ट्राम, भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या लाँच, कडेकडेने कोळीवाडे. आई त्या मुंबईत वाढली. तिच्या बोलण्यातून मला जेवढी दिसली, तेवढी मला उभी करायची होती.

आता मूळ गेमबद्दल, कारण ती खरोखर थोर आहे. फिनलंडमधल्या टाम्पेरे शहरातली ‘कलॉसल ऑर्डर’ नावाची अगदी छोटी कंपनी, तिने ती बनवली आणि स्वीडनच्या ‘पॅराडॉक्स इंटरॅक्टिव्ह’ने १० मार्च २०१५ ला बाजारात आणली. त्याच्या दोन वर्षं आधी आलेल्या ‘सिमसिटी’ने लोकांचा विरस केला होता. ती गेम सतत इंटरनेट असल्याशिवाय चालायची नाही, आणि शहराला जागा एवढीशी. त्या पार्श्वभूमीवर हे आलं: इंटरनेट नसलं तरी चालणारं, मोकळ्या नकाशाचं, आणि मॉड करायला, म्हणजे खेळणाऱ्यांनी स्वतः त्यात बदल आणि भर घालायला, पहिल्या दिवसापासून खुलं. प्रत्येक माणसाला नाव, घर, नोकरी. एखाद्यावर क्लिक करून तो सकाळी कुठल्या बसने कुठे जातो हे बघत बसता येतं. पाणी खरोखर वाहतं. सांडपाण्याचा पाइप प्रवाहाच्या वरच्या अंगाला आणि पाण्याचा पंप खालच्या अंगाला टाकला, की सगळा भाग आजारी पडतो. धरणाची भिंत चुकीच्या जागी बांधली तर मागे पाणी फुगत जाऊन वस्तीत शिरतं. नवा नकाशा उघडताना वाहतूक डावीकडून हवी की उजवीकडून हेही विचारतात, त्यामुळे आपल्याकडचे रस्ते आपल्यासारखे दिसतात. हे सगळं मूळ गेममध्ये आहे, वेगळा पैसा नाही.

बस आहे, लोकलसारखी धावणारी रेल्वे आहे, भुयारी मेट्रो आहे, बोटींचं मोठं बंदर आहे, विमानतळ आहे. ट्राम नाही.

ज्यांनी ही गेम खेळलेली नाही त्यांना वाटेल, एक ट्राम नसली तर काय बिघडलं? बिघडतं, आणि ते समजून घ्यायला हवं. या गेममध्ये एका बसमध्ये ३० माणसं बसतात आणि मेट्रोच्या एका गाडीत १८०. तीस-चाळीस हजार वस्तीच्या शहरात मुख्य रस्त्यावर बस पुरेनाशी होते, थांब्यावर गर्दी साचते, बस वाढवल्या तर बसचीच रांग लागते. मेट्रो खणायची तर तिजोरी रिकामी होते. मधली पायरी हवी असते. ती पायरी म्हणजे ट्राम: ९० माणसं, आहे त्याच रस्त्यावर रूळ, एक डेपो, झालं. जगातल्या कित्येक शहरांत ट्रामने नेमकं हेच काम केलं. मुंबईतही १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम आली आणि १९०७ मध्ये विजेची, ती याच गरजेतून. शहर वसवण्याच्या गेममध्ये ट्राम हा शोभेचा भाग नाही.

ही ट्राम फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘स्नोफॉल’ नावाच्या डीएलसीत आली. म्हणजे बर्फात. त्या पॅकमध्ये बर्फ हटवणारे ट्रक आहेत, हटवलेला बर्फ टाकायची आवारं आहेत, घरं गरम ठेवणारी बॉयलर केंद्रं आणि गरम पाण्याचे पाइप आहेत, सौना आहे, कायम हिवाळा असलेले नकाशे आहेत. आणि ट्राम. मुंबईच्या हवेत बर्फ हटवायचा ट्रक कुठे फिरवायचा? माझ्या नकाशावर त्या पॅकमधल्या दोनच गोष्टी उपयोगी पडतात: ट्राम आणि रस्तेदुरुस्तीचा डेपो. बाकीचं सगळं मी पैसे देऊनही कधीच वापरणार नाही. बरं, ज्याला बर्फच हवा त्याचं तरी समाधान व्हावं, तर तेही नाही. त्या नकाशांवर बर्फ बारा महिने असतो. ऋतू पालटत नाहीत. उन्हाळ्यात हिरवं आणि थंडीत पांढरं होणारं शहर त्यात मिळतच नाही. म्हणजे बर्फाचा डीएलसी म्हणूनही काम अर्धंच, आणि तो खपावा म्हणून ज्या गोष्टीची सगळ्यांना गरज आहे ती त्यात बसवलेली. माझं मत असं झालं आहे, आणि ते बदलायला मला कारण दिसत नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. माझ्या १९६३ च्या मुंबईची यादी पुढे वाचा. टॅक्सी हवी? ती ‘आफ्टर डार्क’मध्ये, सप्टेंबर २०१५. सायकलीसुद्धा तिथेच, आणि बसचं मोठं टर्मिनसही. भाऊच्या धक्क्यावरची प्रवासी बोट? ‘मास ट्रान्झिट’, मे २०१७. ट्रॉलीबस आणि मासेमारी? ‘सनसेट हार्बर’, मार्च २०२०. गिरणीत कच्चा माल येतो, गोदामात साठतो, पक्का होऊन बाहेर पडतो, हे दाखवायचं? ‘इंडस्ट्रीज’, ऑक्टोबर २०१८. पोस्ट ऑफिसही ‘इंडस्ट्रीज’मध्येच, का, ते मला आजतागायत उमगलेलं नाही. एका शहराच्या एका सकाळसाठी पाच डबे. एकेकाची किंमत डॉलरमध्ये १२.९९ ते १४.९९, आणि मूळ गेमची २९.९९. म्हणजे तीनच मोठे डीएलसी पूर्ण किमतीला घेतले की मूळ गेमपेक्षा जास्त पैसे जातात.

रस्त्यावरच्या सार्वजनिक वाहतुकीचा एकच सणसणीत डीएलसी काढला असता, ट्राम, ट्रॉलीबस, टॅक्सी, बोट, सगळं त्यात घातलं असतं, तर मी पूर्ण किंमत आनंदाने दिली असती, आणि भाच्यालाही घे म्हणून सांगितलं असतं. या कंपनीला ते जमत नव्हतं असं कुणी म्हणू नये. ‘स्कायलाइन्स’च्या आधी यांनी ‘सिटीज इन मोशन’ आणि तिचा दुसरा भाग काढला होता. त्या दोन्ही गेम निव्वळ सार्वजनिक वाहतुकीवरच होत्या, आणि ट्रामही त्यांत होती. हा विषय यांच्या हातातला होता.

‘इंडस्ट्रीज’बद्दल मात्र मला मनापासून चांगलं लिहायचं आहे. डीएलसी कसा असावा याचा तो नमुना आहे. मूळ गेममध्ये कारखान्यांचा पिवळा पट्टा आखला की कारखाने आपोआप उगवतात, पुढे आपल्याला काही करायचं नसतं. ‘इंडस्ट्रीज’ घेतल्यावर शेती, जंगल, खनिज आणि तेल अशा चार साखळ्या आपण स्वतः बांधतो. शेतातून माल निघतो, प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात जातो, गोदामात थांबतो, तिथून मोठ्या कारखान्यात, मग दुकानात किंवा बंदरावर. माल वेळेवर पोचला नाही की कारखाना बसून राहतो. एका चुकीच्या चौकामुळे अख्खी साखळी थांबते आणि आपण ट्रकची रांग धरून मागे मागे जात त्या चौकापर्यंत पोचतो. परळचा गिरणीचा पट्टा मी या डीएलसीवर उभा केला, तेव्हा रेल्वेच्या मालधक्क्याला आणि गोदीला गिरण्या इतक्या लागून का होत्या, हे मला पहिल्यांदा हाताला जाणवलं. मालाचे ट्रक वस्तीतून नेले तर गावाचा श्वास कोंडतो. मालगाडीचं स्टेशन गिरणीच्या दाराशी नेलं तर रस्ते मोकळे होतात. ऑफिसात नकाशे काढून एवढं शिकले नव्हते. हा डीएलसी नसला तरी मूळ गेम पूर्ण वाटते, आणि असला तर एक नवी गेम मिळाल्यासारखं वाटतं. माझी कसोटी हीच.

त्या कसोटीवर ‘पार्कलाइफ’ आणि ‘प्लाझाज अँड प्रॉमनेड्स’ उतरतात. पहिल्यात राणीच्या बागेसारखी बाग रस्ता-रस्ता आखून करता येते, दुसऱ्यात गाड्यांना बंदी असलेले चालण्याचे भाग. ‘ग्रीन सिटीज’ मला नको होता. ‘कॅम्पस’ आणि ‘एअरपोर्ट्स’ ज्याला तेच करायचं आहे त्याने घ्यावेत, इतरांचं काही अडत नाही.

‘नॅचरल डिझास्टर्स’मध्ये भूकंप, त्सुनामी, वणवा, चक्रीवादळाचा सोट, वीज, खचणारी जमीन आणि आकाशातून पडणारी उल्का आहे. धो धो पावसाने शहर बुडणं त्यात नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी मी कुर्ल्याच्या पुलावर अडकले होते, त्यामुळे ही उणीव मला इतरांपेक्षा जास्त खुपत असेल. पण पाणी वाहवण्यात ज्यांचा हात इतका उत्तम बसला आहे, त्यांनी पावसाचा पूर का केला नाही याचं वाईट वाटतं. गेममध्ये पाऊस पडतो, पण त्याने रस्त्यावर पाणी साठत नाही.

कंपनीच्या बाजूने बोलण्यासारखंही पुष्कळ आहे आणि ते मी लपवणार नाही. प्रत्येक डीएलसीबरोबर सगळ्यांसाठी फुकट पॅच, म्हणजे मूळ गेममध्येच भर आणि दुरुस्ती, यायचा, आणि तो नावापुरता नसायचा. दिवस-रात्र ‘आफ्टर डार्क’च्या वेळी आली, पण ती सगळ्यांना मिळाली, डीएलसी घेतला नाही त्यांनाही. टोलनाके ‘इंडस्ट्रीज’बरोबर आले, तेही फुकट. आणि मॉड! सिग्नल कुठे हवा, कुठल्या लेनमधून कुठे वळायचं, हे ठरवणारा ‘ट्रॅफिक मॅनेजर: प्रेसिडेंट एडिशन’ लोकांनी आपल्या मोकळ्या वेळात बनवला आणि फुकट वाटला. मांडलेल्या वस्तू हव्या तशा सरकवू देणारा ‘मूव्ह इट’ मॉड नसेल तर मी आता रस्ता आखायलाही बसत नाही. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाच्या वर्कशॉपवर, म्हणजे लोक आपले मॉड जिथे ठेवतात तिथे, इमारतींचे, गाड्यांचे, झाडांचे ढीग आहेत. एक पैसा न मागता हे करणाऱ्या माणसांबद्दल मला जो आदर वाटतो तो शब्दांत सांगता येणार नाही. पण गोम अशी, की एखाद्या मॉडकर्त्याने सुंदर ट्राम बनवून फुकट ठेवली तरी ती चालवायला ‘स्नोफॉल’ लागतोच.

वर्कशॉपवर चांगलं काम करणाऱ्या काही लोकांना पॅराडॉक्सने बोलावून त्यांचे पॅक पैसे घेऊन विकायला सुरुवात केली. पहिला ‘आर्ट डेको’, २०१६ मध्ये. या पॅकना बरेच लोक नावं ठेवतात. मी ठेवत नाही. विक्रीतला वाटा बनवणाऱ्याला मिळतो, पॅक लहान आहे, काय मिळणार ते चित्रात स्पष्ट दिसतं, आणि ते घेतलं नाही म्हणून गेममधलं काहीही अडत नाही. मरीन ड्राइव्हवरच्या इमारती आर्ट डेको शैलीतल्याच, त्यामुळे मरीन ड्राइव्ह करायला बसलेल्या माणसाला ‘आर्ट डेको’ पॅक नको म्हणणं अवघड जातं. गाण्यांचे रेडिओ पॅक मात्र मी कुणालाच सुचवणार नाही. गेमचा आवाज बंद करून आपली गाणी लावा.

आता दुसऱ्या भागाकडे. ‘सिटीज: स्कायलाइन्स २’ २४ ऑक्टोबर २०२३ ला आली. ट्राम मूळ गेममध्ये. टॅक्सी मूळ गेममध्ये. बर्फ आणि ऋतू मूळ गेममध्ये. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. ज्यांनी ट्राम बर्फाच्या डब्यात घातली त्यांनीच ती डब्याबाहेर काढली, म्हणजे तिची जागा कुठे आहे हे त्यांनाही पटलं होतं. पण गेम कच्ची आली. चांगल्या कॉम्प्युटरवरही अडखळत चालते अशी ओरड पहिल्या दिवसापासून होती, मॉडचा रस्ताही तेव्हा खुला नव्हता. ते सगळं दुरुस्त व्हायची वाट लोक बघत असताना, २५ मार्च २०२४ ला ‘बीच प्रॉपर्टीज’ नावाचा डीएलसी विकायला आला. समुद्राकाठची घरं आणि थोडी झाडं. नावात बीच, पण किनारा सजवायला लागणाऱ्या साध्या गोष्टी नाहीत. स्टीमवर त्याला मिळालेले शेरे बहुतेक सगळेच वाईट होते.

पुढे जे झालं ते या धंद्यात क्वचितच होतं. एप्रिलमध्ये कलॉसल ऑर्डरच्या प्रमुख मारीना हालिकायनेन आणि पॅराडॉक्सचे उपप्रमुख मात्तियास लिल्या यांनी मिळून जाहीर पत्र लिहिलं, माफी मागितली, पैसे परत करायचं ठरवलं, आणि तो डीएलसी सगळ्यांना मूळ गेमचा भाग म्हणून देऊन टाकला. पुढचे पैशांचे डीएलसी मागे ढकलले, आधी गेम नीट करू म्हणाले. मला ते पत्र आवडलं. त्याहून जास्त मोलाचं मला हे वाटतं, की लोकांनी एका आवाजात नाही म्हटलं आणि ते ऐकलं गेलं. २००६ मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ या गेमने अडीच डॉलरला घोड्याचं चिलखत विकायला काढलं तेव्हाही लोक चिडले होते, पण चिलखत विकलं जातच राहिलं आणि पुढे सगळ्यांनीच तो रस्ता धरला. इथे निदान एकदा चाक उलटं फिरलं.

माझ्या भाच्याने परवा विचारलं, “मावशी, मी कुठला घेऊ? सगळं बंडल घेऊन टाकू का?” त्याने मूळ गेम २०२० च्या डिसेंबरमध्ये एपिक या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात फुकट मिळाली होती तेव्हाच घेऊन ठेवली होती. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

एपिकवरच्या गेमला स्टीम वर्कशॉप नाही, आणि एका दुकानातला डीएलसी दुसऱ्या दुकानातल्या गेमला लागत नाही. म्हणून डीएलसीवर एक रुपयाही घालवायच्या आधी ही गेम स्टीमवर घे. सेलमध्ये ती अगदी स्वस्त मिळते. महिनाभर निव्वळ मूळ गेम आणि फुकटचे मॉड यांवर खेळ. काय कमी पडतं ते शहरच सांगेल. मग पहिला ‘इंडस्ट्रीज’ घे, दुसरा ‘मास ट्रान्झिट’. तिसरा ‘स्नोफॉल’, ट्रामसाठी, पण सेलमध्येच आणि अर्ध्याहून कमी किमतीला, पूर्ण किमतीला कधीच नाही. ‘सनसेट हार्बर’ कोकण किंवा मुंबई करायची असेल तर. टॅक्सीवाचून निभतं, त्यामुळे ‘आफ्टर डार्क’ शेवटी. बंडल घेऊ नकोस, त्यात नको असलेलंच जास्त येतं. विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेलं असेल तर स्टीम पैसे परत देतं, डीएलसीलाही तो नियम लागतो. म्हणून नवा डीएलसी रविवारी सकाळी घे, लगेच उघडून बघ, आवडला नाही तर त्याच दिवशी परत कर.

“आणि दुसरा भाग?” त्याने विचारलं. मॉड आता आले आहेत आणि गेम आली तेव्हापेक्षा पुष्कळ सुधारली आहे. पण तुझा लॅपटॉप तिला पेलणार नाही, आणि नवा घ्यायचा तर आधी बारावी होऊ दे.

गेम: पाचपैकी पाच. ‘इंडस्ट्रीज’: पाच. ‘मास ट्रान्झिट’: चार. ‘सनसेट हार्बर’: साडेतीन. ‘स्नोफॉल’: ट्रामला पाच, बाकी पॅकला एक, आणि दोन्ही एकत्र विकल्याबद्दल माझ्याकडून दीड.